अढीत पिकलेला लॅपटॉप

तोंडातला चहा आधी गिळून घ्या, मग ऐका. नाहीतर नाकातून यायचा! माझ्या अकलेची अशी मिरवणूक अख्ख्या रत्नागिरीत कोणाची निघाली नसेल.

आमच्या नातीच्या, मनूच्या शाळेनं पोरांना लॅपटॉप दिलेत. घरी न्यायचे, जपायचे. त्या शाळेच्या समितीत मीसुद्धा आहे हो! शिक्षण सातवी, पण तोंड पदवीधर. लॅपटॉप बिघडला तर खर्च कोणाचा, यावर बैठक बसली. मी उठलो. म्हटलं, "पोराच्या हातून चुकून झालं, तर शाळेनं भरावं. पण घरच्या शहाण्यानं अक्कल पाजळली, तर त्या शहाण्यानंच भरावं!"

टाळ्या! ठराव पास. समोरच्या पालकांकडे बघून मी मिशीत हसलोसुद्धा.

आठवडा नाही झाला, मनूनं लॅपटॉपवर पेलाभर पाणी सांडलं.

"आजोबा, उद्या शाळेत देते. बाईंनी सांगितलंय, चालू करायचा नाही, तसाच आणायचा."

"अगो, शाळेत कशाला? आजोबा मेलाय काय तुझा?"

"सोमवारी प्रकल्प दाखवायचाय. सगळा त्यातच आहे!" पोर रडवेली झालेली.

"सोमवारपर्यंत खडखडीत सुकवून देतो."

आता मला सांगा, घरातली सगळ्यात उबदार जागा कुठली? माळ्यावरची आंब्याची अढी! हापूस पेंढ्यात पिकत घातलेला, आत हात घाला, कशी छान ऊब! लॅपटॉप उघडून मधोमध ठेवला, वर पेंढा. आणि एवढी जागा वाया कशाला घालवा? वर आंब्यांचे दोन थर!

बायको खालून ओरडली, "अहो, काय पिकत घालताय आणखी?"

"शिक्षण!" म्हटलं.

सोमवारी बाहेर काढला. वास असा, की पेटीत भरून मुंबईला पाठवावा! वरचे दोन आंबे पिकून फुटलेले. फडक्यानं पुसला आणि छाती काढून मनूबरोबर शाळेत गेलो.

"पाणी सांडलं हो, बाई. लहान पोर, चुकून झालं."

मुख्याध्यापक बाईंनी लॅपटॉप नाकाजवळ नेला. मग शाळेच्या दुरुस्तीवाल्याला हाक मारली. त्यानं मागचं झाकण खोललं. आधी पेंढ्याच्या काड्या पडल्या, मग मुंग्या निघाल्या, सहकुटुंब.

"काका, पाण्याचं काही नव्हतं. हा आमरस आहे. कीबोर्ड गेला, आतला बोर्ड गेला. प्रकल्प तेवढा काढून देतो."

मनूचा चेहरा उजळला. तिचं निस्तरलं, माझं सुरू झालं.

बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात 'घरच्या शहाण्यानं अक्कल पाजळली'. माझेच शब्द, जसेच्या तसे छापलेले!

"तात्या, इथे पैसे भरणाऱ्या पालकाची सही. आणि खाली समितीच्या सदस्याची, नियम पालकाला समजावला म्हणून. सदस्य आयते इथेच आहेत."

दोन्ही सह्या ठोकल्या. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तात्या, या सह्या जुळत नाहीत हो."

"कशा जुळतील, बाई? खालची नियम करणाऱ्याची आहे. वरच्याचा हात कापत होता!"