भिंतीला हात न लावणारी योगिता

पोहण्याच्या तलावावर किस्से ओल्या टॉवेलांसारखे साठतात. वेळेवर पसरले नाहीत तर वास मारतात! म्हणून जळगावच्या आमच्या ग्रुपचे आज वाळत घालते. बहुतेक योगिताचेच आहेत.

*

योगिता धुळ्याजवळच्या खेड्यातली. कॉलेजसाठी जळगावातच, पिंप्राळ्याला आत्याकडे आलेली. मी नवी असिस्टंट कोच. हातात ताजी पदवी, डोक्यात खान्देशातून नॅशनलची मुलगी घडवायची घाई.

पहिल्याच दिवशी ती डोकं वर काढून पोहायला लागली.

"अगं, मान खाली!" मी ओरडले.

"ताई, मग वरून कोण उडी मारतंय ते कसं दिसणार?"

विहिरीत शिकलेली पोर!

*

मान खाली गेली, तर ती तिरकी जाऊन शेजारच्या लेनच्या दोरीत अडकायची.

"सरळ पोह ना!"

"सरळ गेलं की भिंत येते, ताई. विहिरीत गोलच फिरतात."

आमचे मुख्य कोच, नाना, चहा पीत शांतपणे म्हणाले, "पोरीचं इंजिन चांगलं आहे. स्टिअरिंग तेवढं बसव."

*

एकदा मी तिला आणि आत्याला मोबाईलवर एका स्वीडिश जलतरणपटूची शर्यत दाखवली. काय ती लय!

आत्या म्हणाल्या, "एवढ्या थंडीच्या देशात पोरगी पाण्यात उतरते? घरचे काही बोलत नाहीत?"

*

आबांची, म्हणजे योगिताच्या वडिलांची, एकच अट होती. नॅशनलसाठी निवड झाली तर जळगाव, नाही तर परत गावी.

जिल्ह्याच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. आणि भिंतीपासून वीतभर अलीकडे थांबली! मागून आलेल्या मुलीने भिंतीला हात लावला. ती पहिली. मी ओरडल्यावर हिने कशीबशी बोटं टेकवली, आमची दुसरी.

"हात आधीच का नाही लावलास?"

"भिंतीच्या कपारीत साप असतो, ताई. आबांनी लहानपणापासून बजावलंय."

"टाइल्समध्ये कसली कपार!"

"डोक्याला कळतं हो. हाताला कळत नाही."

नशीब, दुसरीलाही राज्य स्पर्धेत जागा होती. महिनाभर मी तिला भिंत शिवायला लावली. पाचातून एकदा हात आखडायचाच. मी चिडायचे. नाना म्हणायचे, "ज्याने भीती घातली, त्यालाच काढू दे." आणि त्यांनी आबांना फोन लावला.

*

राज्य स्पर्धा. पहिलीच जाणार नॅशनलला. आबा धोतर सावरत बरोबर योगिताच्या लेनसमोर, गॅलरीच्या कठड्याशी उभे. शेवटच्या काही हातांत ती आणि पुण्याची मुलगी अगदी बरोबरीने. योगिताचा हात आखडतोय, मला स्पष्ट दिसलं.

जन्मात आवाज न चढवलेला तो माणूस अहिराणीत ओरडला, "हात लाव वं माय! साप नही शे!"

गॅलरीतल्या दोघीतिघींनी पाय वर घेतले!

बोर्डावर योगिताचं नाव सगळ्यात वर आलं. मी नाचतेय, नाना डोळे पुसतायत. तिचं मात्र बोर्डाकडे लक्षच नाही. ती तळहात उलटसुलट करून बघत होती. मग वर पाहून ओरडली,

"आबा, भित गुळगुळीत शे!"