दाराचं पुस्तक

कोल्हापुरात एखाद्याला पुस्तक सुचवायचं म्हणजे आधी त्याचा शेवट सांगून टाकायचा, अशी साधारण रीत आहे. "एक नंबर पुस्तक हाय, शेवटी थोरला भाऊच खुनी निघतोय बघ," असं म्हणत माणूस पुस्तक तुमच्या हातात ठेवतो, आणि तुम्ही ते वाचलं नाही की वर तुमच्यावरच चिडतो. यात कपट काही नसतं. पोटात ठेवायची सवयच नाही, त्याला तो तरी काय करणार? अशा या गावात शबनूर बागवान कित्येक वर्षं लोकांना पुस्तकं सुचवत आली आणि शेवट मात्र एकाचाही सांगितला नाही.

मंगळवार पेठेत तिचं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, साड्यांचा ढीग, भिंतभर रिळं, बायकांना बसायला एक बाक आणि बाकावर बसलेल्या बाईच्या बरोब्बर डोळ्यांसमोर येईल अशी पुस्तकांची फळी. ती फळी तिनं मुद्दाम तिथं ठोकून घेतली होती. पिको होईस्तोवर बाई एकतर मोबाइल चाळते, नाहीतर शेजारणीच्या साडीची किंमत विचारते. शबनूरला दोन्हीचा कंटाळा होता.

फळीवर सगळी विज्ञानातली आणि अद्भुतातली पुस्तकं. परग्रहावरची, चेटकिणींची, यंत्रमाणसांची, न झालेल्या राज्यांची. "भाभी, सासू-सुनेचं काय असलं तर द्या की," असं कुणी म्हणालं की ती मशीनवरून मान वर न करता सांगायची, "ते तुमच्या घरात हायच की. दुसरं काहीतरी वाचा." बाई हसायची आणि दुसरं काहीतरी घेऊन जायची.

पुस्तकांची खरी नावं कुणाच्याच लक्षात राहत नसत. बायकांनी आपापली नावं पाडली होती. मुंग्यांचं पुस्तक, म्हाताऱ्या ड्रॅगनचं पुस्तक, भाताच्या यानाचं पुस्तक. या शेवटच्यात एक यान पिढ्यान् पिढ्या अवकाशातून चाललेलं असतं. आतली माणसं दिव्याखाली भात लावतात आणि कुठंतरी पाणी आपोआप वरून पडतं, यावर त्यांच्या पोरांचा विश्वासच बसत नाही. चंदगडच्या पावसात वाढलेल्या शबनूरला ते पुस्तक फार आवडायचं. त्या पोरांना चार दिवस माहेरी न्यावं, असं तिला दरवेळी वाटे.

हा नाद तिला चंदगडच्याच शाळेत लागला. तिथं ग्रंथालय म्हणजे एक कपाट. गोष्टींच्या कप्प्यावर पोरांची झुंबड, आणि 'विज्ञान' अशी चिठ्ठी लावलेल्या कप्प्याकडं कुणी फिरकत नसे, अभ्यासाची पुस्तकं समजून. कुणा गुरुजींनी विज्ञानकथाही त्याच कप्प्यात टाकल्या होत्या. गर्दीत धक्काबुक्की नको म्हणून शबनूर तिकडं गेली, आणि तिला उडत्या शहरांचा अख्खा कप्पा एकटीला सापडला. पोरगी विज्ञानात हुशार आहे असा घरच्यांचा समज झाला. दहावीच्या निकालानं तो दूर केला.

कुठल्या बाईला कुठलं पुस्तक, हे ती साडीला रीळ जुळवावं तसं जुळवायची. आधी दोन-तीन समोर धरून बघायचं, मग ठरवायचं. आणि नियम एकच. पहिलं पुस्तक शेवटापर्यंत वाचल्याशिवाय दुसरं मिळायचं नाही. पुस्तक परत आलं की ती मशीन थांबवून विचारायची, "शेवट कसा वाटला?" मग दोघी बाकावर बसलेल्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलायच्या. कोल्हापुरात एवढ्या हळू आवाजात बोलणाऱ्या बायका दुसरीकडं सापडायच्या नाहीत.

सगळ्यात जास्त मागणी होती ती दाराच्या पुस्तकाला. बँकेतली मोना तर त्याच्यासाठी नंबर लावून बसली होती. एका म्हाताऱ्या कारकुनाला आपल्या घरात, जिन्याखालच्या अडगळीत, एक दार सापडतं. दार उघडलं की पलीकडं फक्त एक दिवस असतो. त्याची बायको जिवंत असतानाचा, अगदी साधा, काही न घडलेला दिवस. त्याला तिथं कितीही वेळा जाता येतं, पण मिळतो तोच दिवस. पुढं काय होतं, ते शबनूर सांगत नसे, म्हणून इथंही सांगता येत नाही.

हे पुस्तक तिनं बाळाबाईंना दिलं.

बाळाबाईंचे मालक हंबीरराव बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरीला होते, रोज जाऊन-येऊन. निवृत्त झाले, शुक्रवार पेठेतल्या घरी जरा कुठं टेकले, आणि वर्षाच्या आत गेले. त्यानंतर बाळाबाई घराबाहेर पडेनात. भाच्याच्या लग्नासाठी सुनेनं बळंबळं साडी घेतली आणि फॉल लावायला त्यांना शबनूरकडं धाडलं, तेवढंच पाय मोकळे होतील म्हणून. बाकावर बसून त्या समोरच्या भिंतीकडं बघत राहिल्या. शबनूरनं तीन पुस्तकं मनात समोर धरून बघितली आणि दाराचं काढून दिलं. चांगलं जुळलं असं तिला वाटलं होतं.

दीड-दोन महिने पुस्तक आलं नाही. मोना दर शनिवारी येऊन फळीकडं बघून जायची. मग एका दुपारी बाळाबाईंची सून तेजस्वी दुकानात आली, ती चप्पल न काढताच.

"भाभी, काय वाचायला दिलंयसा आमच्या आत्यांना?" सासूला ती आत्या म्हणायची. "रोज दुपारी दोन कप च्या करत्यात. एक आपल्याला, एक समोर. आन् ते पुस्तक उघडून बसत्यात. तेच पान! कवा परत देणार म्हटलं, तर म्हणत्यात, दार अजून उघडं हाय. कसंतरी माणसांत आणलंवतं आमी त्यांना. खुळ्या झाल्या तर तुमी बघणार हायसा?"

बाकावर चार बायका होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही, यावरून प्रसंग ओळखावा. शबनूर म्हणाली, "येतो मी. पुस्तक घेऊन जातो." तेजस्वी आली तशी गेली.

त्या दिवशी शबनूरच्या हातून एक भारी साडी उलट्या बाजूनं शिवली गेली. पुस्तकानं माणसाचं वाईट होत असेल, हा विचारच तिला आजवर शिवला नव्हता. खोटी राज्यं, खोटे ग्रह, त्यानं कुणाचं काय बिघडणार? पण जिचा माणूस गेलाय तिच्या हातात आपण दार दिलं, आणि वर जुळलं म्हणून खूश झालो. तिला स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी एका बाईनं मुंग्यांचं पुस्तक मागितलं, तर शबनूर "आता न्हाय देत मी" म्हणाली आणि फळीवर एक जुनी चादर टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून ती शुक्रवार पेठेत गेली. बाळाबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. समोर पुस्तक, आणि खरंच दोन कप.

"ये गं," त्या म्हणाल्या. "तेजस्वीनं धाडलं न्हवं तुला?"

"व्हय, मावशी."

"खुळी न्हाय झाली मी. तो कप त्यास्नी ठेवती, पण येनार न्हाईत हे ठाऊक हाय मला. गार झाला की तोबी मीच पिती. टाकून देऊ व्हय?"

शबनूरला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तिनं खुर्ची ओढली. बाळाबाईंनी पुस्तक तिच्याकडं फिरवलं. उघडं पान तिनं ओळखलं. कारकून दारातून त्या दिवसात जातो आणि त्याला वाटतं, आता बायकोला जवळ घ्यावं, सांगावं. पण ती त्याला गॅसवरच्या दुधाकडं बघायला सांगून भाजी निवडायला बसलेली असते आणि तो तिच्याकडंच बघत राहतो. दूध उतू जातं. मग जे भांडण होतं ते दोन पानं चालतं.

"आमचं मानूस असंच," बाळाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं दूध उतू घालवलं. पेपर घेऊन बसायचं आन् वास आला की म्हनायचं, बाळा, काय तरी जळतंय बघ. ह्या पुस्तकातला मानूस खोटा, ती बाईबी खोटी. पर भांडान खरं हाय गं. गेल्यापास्नं सगळी येत्यात आन् त्यांचं चांगलंच सांगत्यात. देवमानूस हुता म्हनत्यात. भांडायचं कुनाबर मी?"

शबनूरनं पुस्तक पुन्हा त्यांच्याकडं फिरवलं.

"शेवटचा धडा ऱ्हायलाय," बाळाबाई म्हणाल्या. "वाचवत न्हाय. पंख्याच्या वाऱ्यानं पानं उलटत्यात आन् डोळा तिकडं जातोय, मग मी झाकून ठेवती. एवढंच सांग मला. तो दार लावतोय का?"

आयुष्यात पहिल्यांदा शबनूरच्या ओठावर शेवट आला. एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं तर म्हातारी या घटकेला पुस्तक परत देईल, तेजस्वीचा जीव भांड्यात पडेल, मोनाला पुस्तक मिळेल, आणि आपण पुन्हा चादर काढायची की नाही ते सावकाश बघू. पण मग ते दार बाळाबाईंनी लावलेलं नसेल. शबनूरनं लावलेलं असेल.

"मावशी, सुईदोरा हाय घरात?" तिनं विचारलं.

बाळाबाईंनी फडताळातून बिस्किटाचा डबा काढून दिला. शबनूरनं पांढरा दोरा ओवला, शेवटच्या धड्याची पानं एकत्र धरली आणि कडेनं लांब लांब टाके घालत वरून खाली आली. जाड कागदात सुई जाईना, तेव्हा तिनं ती टेबलाच्या कडेवर दाबून घातली. पुस्तकाला सुई टोचायची तिची ही पहिलीच वेळ होती.

"आता वाऱ्यानं उलटणार न्हाईत," ती म्हणाली. "पक्की शिलाई न्हाय मारली मी. कच्चा टाका हाय. ह्ये टोक ओढलं की सगळा सुटतोय. कवा ओढायचा ते तुमचं तुमी बघा. न्हाय ओढला तरी चालतंय. पुस्तक ऱ्हाऊ दे तुमच्याकडं."

"आन् तुजा तो नियम?"

"माझाच हाय की. मी बघतो त्याचं काय करायचं ते."

दारात तेजस्वी उभी होती. कधी आली होती कोण जाणे, पण बरंच ऐकलं असावं, कारण कालचा आवाज तिच्याकडं उरला नव्हता. "आत्या," ती म्हणाली, "आन् त्या च्याचं काय?"

"काय म्हंजे? रोज गार हुतोय. तू पी की."

तेजस्वी जरा घुटमळली. मग पर्स खाली ठेवून हंबीररावांच्या खुर्चीत बसली आणि कप उचलला. एक घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. "साखर लई झालीय."

"त्यास्नी तेवढी लागायची," बाळाबाई म्हणाल्या. "उद्यापास्नं तुज्यापुरती कमी घालती."

शबनूर घरी आली आणि तिनं फळीवरची चादर काढून धुवायला टाकली. मोनाला सांगितलं, दाराचं पुस्तक कधी येईल सांगता येत नाही, तोवर ड्रॅगनचं घे. मोनानं बरीच कुरकुर केली आणि घेतलं. दसरा झाला, दिवाळी झाली. दिवाळीच्या साड्यांनी दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. शबनूरला अधूनमधून ते घर आठवायचं, पण चौकशीला ती गेली नाही. टोक ओढलं का, असं विचारायला जाणं म्हणजे ओढा म्हणून सांगायलाच जाणं होतं.

लग्नसराई सुरू झाली तेव्हा बाळाबाई दुकानात आल्या. एकट्या, चालत. पिशवीतून तेजस्वीची साडी काढली, आणि साडीच्या घडीतून पुस्तक. बाकावर नेमकी मोना होती. पुस्तक बघून ती ताडकन उभीच राहिली.

शबनूरनं पुस्तक हातात घेतलं आणि मागून उघडलं. पानं शिवलेलीच होती. तिला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. मग तिचं नीट लक्ष गेलं. तिनं घातला होता तो दोरा पांढरा होता. हा हिरवा होता. टाकेही तिचे नव्हते. बारीक, जवळजवळ घातलेले, म्हाताऱ्या हाताचे, जरा तिरपे गेलेले. खाली एक टोक मात्र लांब सोडलं होतं, कुणालाही धरून ओढता येईल असं.

तिनं वर बघितलं. बाळाबाई रिळांच्या भिंतीकडं बघत होत्या.

"काकी, वाचलंसा न्हवं?" मोनाला दम निघत नव्हता. "शेवट काय हाय, सांगा की!"

अख्खा बाक पुढं सरकला. बाळाबाईंचा जन्म याच गावात गेलेला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडलं.

"दोरा हाय की त्याला. तुजा तू ओढ," त्या म्हणाल्या. "पर घाई करू नगंस. आदी त्या भांडनाचं वाच. त्यातली बाई जरा तोंडाळ हाय, पर मनानं चांगली हाय."

"शेवट कसा वाटला?" हे शबनूरनं त्या दिवशी विचारलं नाही. ती उठली, फळीपाशी गेली, भाताच्या यानाचं पुस्तक काढलं आणि बाळाबाईंच्या हातात ठेवलं. पहिलं पुरं वाचल्याशिवाय दुसरं मिळत नाही, हे बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

बाळाबाईंनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं. "ह्यात कोन मरतंय का गं?"

"वाचा की, मावशी," शबनूर म्हणाली आणि तेजस्वीची साडी मशीनवर घेतली.