चूक कुणाच्या नावावर

“यांना डिग्री सवलतीत मिळते. सर्व्हर सवलतीत चालत नसतो.”

आमच्या टीमचे प्रमुख सर बोलले. पुण्याहून, व्हिडिओ मीटिंगमध्ये, अकरा जणांसमोर. स्क्रीनवर माझं आडनाव दिसत होतं. कुणीतरी हसलं.

माझ्या हेडफोनची वायर तुटलेली, म्हणून आवाज स्पीकरवर होता. अहमदपूरच्या आमच्या घरात, माझ्या मागंच माय तूर निवडत बसलेली. तिनं सगळं ऐकलं. तिचा हात थांबला.

काम कंत्राटी. एका बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे कपाटाएवढ्या संगणकावर, सरांनी एक आभासी मशीन, म्हणजे त्याच संगणकातला वेगळा कप्पा, तयार करून दिलेलं. त्यावर मी लिनक्स ही प्रणाली बसवायची. चार वेळा बसवून पाहिलं. चारही वेळा एकाच ठिकाणी पडलं. डिस्क फॉरमॅट करायला, म्हणजे माहिती साठवायला तयार करायला, गेलं की एरर. तीन दिवस मी माझीच चूक शोधत राहिले. एकेक अक्षर ताडून पाहिलं. आज संध्याकाळपर्यंत झालं नाही तर काम जाणार, हेही सरांनी मीटिंगमध्येच सांगून टाकलं.

मीटिंग संपली. माय म्हणाली, “चुकलं म्हनून टाक, पोरी. आपलं काय जातंय?”

ती जन्मभर हेच म्हणत आली. दुसऱ्याच्या रानात, रेशनच्या दुकानात, माझ्या शाळेत. चूक नसताना. आणि मीसुद्धा न तपासताच मानून बसले होते, की आपल्यालाच येत नसेल.

मग पहिल्यांदा मी सरांनी दिलेलं मशीन तपासलं. डिस्कपुढं लिहिलेलं: फक्त वाचण्यासाठी. तिच्यावर लिहायची परवानगीच दिलेली नव्हती. ती द्यायचं काम सरांचं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “बरं, परवानगी देतो. रिपोर्टमध्ये मात्र लिहा, सेटिंग तुमच्याकडून चुकलं. पुढं काम लागेलच ना तुम्हाला?”

“न्हाई लिहिणार, सर.”

गावची बोली तोंडातून निघाली. निघू दिली.

स्क्रीनवरचा मजकूर जसाच्या तसा जोडून अकराही जणांना रिपोर्ट पाठवला. एकाचंही उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं लॉगिन बंद. माय रडली. मीही रडले. दुसरं काम अजून मिळालेलं नाही, मिळेल की नाही माहीत नाही.

पण ठरलंय. माझी चूक असेल तर मी माझ्या हातानं लिहीन. दुसऱ्याची चूक माझ्या नावावर घेणार नाही. मायलाही घेऊ देणार नाही.