अर्ध्या एल्फची उत्तरक्रिया

त्या दिवाळीत मला फक्त झोपायचं होतं. नंदुरबार ते तळोदा रोजचं अपडाऊन करून माझ्या पाठीचं पार भजं झालं होतं. सुट्टी लागताच मी घरात जाहीर केलं, की आता मी आडवा पडतोय, फराळ इथेच आणून द्या.

पण पुण्याहून मुलगी आली ती एक पिशवीभर फासे घेऊन. साधे सहा बाजूंचे नाहीत. कुठला आठ बाजूंचा, कुठला वीस बाजूंचा, बोराएवढे, रंगीत. तिने मला खेळ समजावून सांगितला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी प्रत्येकी एक काल्पनिक माणूस तयार करून त्याच्या तोंडून बोलायचं. तलवार मारली तर ती लागली की नाही, ते फासे सांगणार.

"छान आहे," मी कूस बदलून म्हणालो. "खेळा."

"तुम्ही पण खेळणार आहात, पप्पा. एक माणूस कमी पडतोय."

मग तिने खरं काय ते सांगितलं. ती एकुलती. तिला भावंडं म्हणायला दोघंच. एक माझ्या भावाचा मुलगा, सारंगखेड्याच्या बाजूला तापीकाठी आमची केळी-ऊस आहे तिथला. दुसरी तिच्या मामाची मुलगी, नवापूरच्या डोंगरातली, नर्सिंग शिकणारी. हे दोघं आजवर एका खोलीत धड बसलेले नव्हते. दिवाळी आम्ही तापीकाठी करायचो आणि नाताळ डोंगरात. दोन्ही घरं आमच्या लग्नाला रडतखडत तयार झाली होती, तेव्हा त्यांनी समोरासमोर न येणंच बरं, असं माझं धोरण होतं. शिवाय मी दोन्हीकडे थोडं थोडं वेगळं सांगून ठेवलं होतं. गावाकडे सांगितलं होतं, की चर्चमध्ये आम्ही नुसते नमस्काराला गेलो होतो. सासुरवाडीला सांगितलं होतं, की होम फोटोपुरता होता.

"दोघांना रविवारी बोलावलंय," मुलगी म्हणाली. "मोठ्या मिनतवारीने हो म्हणालेत. एकदा नीट बसले तर पुन्हा येतील. नाही जमलं, तर मी परत नाही बोलावणार कोणाला."

आता यावर कूस बदलणं शक्य नव्हतं.

शनिवारी दुपारी तिने मला माझा माणूस तयार करायला बसवलं. आधी जात निवडा म्हणाली. मी दचकलोच. ती हसली, "तशी नाही हो. माणूस, बुटका, एल्फ. एल्फ म्हणजे लांब कानांचे, रानात राहणारे, अंधारात दिसणारे."

"मिश्र चालेल?" मी विचारलं.

"चालेल की. बाप माणूस, आई एल्फ. अर्धा एल्फ."

मला वाटलं, या विषयात आपल्याला कोण शिकवणार? मी उत्साहाने उठून बसलो. अर्धा एल्फ म्हणजे अंधारात अर्धंच दिसणार, म्हणून नजरेचे गुण निम्मे केले. अर्धा माणूस, म्हणून ताकदही निम्मी. कान एकच लांब ठेवावा का, असंही विचारलं.

"पप्पा, वजाबाकी का करताय? त्याला दोन्हीकडचं मिळतं. नियमच आहे तसा."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मी गुण वाढवायला घेतले, पण इतक्या वर्षांची सवय, हात काही सैल होईना. शेवटी तिनेच ते केलं.

"आता सामान घ्या. तलवार, ढाल, दोर, काय हवं ते."

"कानटोपी," मी म्हणालो.

रविवारी दोघं आले. पुतण्या मोटारसायकलवरून, केळ्यांची फणी घेऊन. मामेबहीण बसने, पाठीला सॅक. दोघं सतरंजीच्या दोन टोकांना बसले आणि मोबाइल बघू लागले. बायकोने चिवडा ठेवला. पुतण्या माझ्याशी बोलत होता, ती तिच्या आत्याशी. मुलगी मधे बसून फासे मांडत होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता.

तरी खेळ सुरू झाला. गोष्ट मुलगी सांगत होती. पुतण्याचा योद्धा, मामेबहिणीची वैदू आणि माझा कानटोपीवाला असे तिघं निघाले. थोड्या वेळाने एल्फांची वेस लागली. मुलगी पहारेकऱ्याचा आवाज काढून म्हणाली, "कुठले रे तुम्ही? कोणाचे?"

मी टोपी वर सरकवून कान दाखवला. "घरचाच आहे. आई इथलीच. बाप कोण ते विचारू नका, लहानपणीच वारला."

वेस उघडली. मला फार हुशार वाटलं. पुढे माणसांची छावणी आली. मी टोपी खाली ओढली. "मी तुमच्यातलाच. आई? आई आहे कोणीतरी, लांबची."

पुतण्या खो खो हसून अहिराणीत म्हणाला, "काका, हाऊ माणूस शे का बस स्टँडवरला एजंट? दोन्हीकडे येगळंच सांगी ऱ्हायना!"

मामेबहिणीने मात्र मान वर केली. मी तिचा फुवा, म्हणजे आत्याचा नवरा. "फुवा, त्याने कान का झाकले?"

मुलगी पटकन म्हणाली, "थंडी आहे ना तिथे."

तिने मला सांभाळून घेतलं, हे मला टोपीपेक्षा जास्त टोचलं. पण मी थकलेला होतो, आणि थकलेला माणूस नेहमीचंच करतो. म्हणून रात्री छावणीवर एल्फ चालून आले, असं मुलीने सांगितल्यावर मी दोन्ही सैन्यांच्या मधे जाऊन उभा राहिलो आणि समजूत घालू लागलो. इकडे वळून एक, तिकडे वळून दुसरं. इथे दोन्हीकडचे ऐकणारे पहिल्यांदाच समोरासमोर होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"दोघांनीही ऐकलं," मुलगी म्हणाली. "फासा टाका, पप्पा."

मी वीस बाजूंचा फासा टाकला. एक आला. त्याहून वाईट काही येत नाही म्हणे. एक बाण डावीकडून, एक भाला उजवीकडून. माझा माणूस जागच्या जागी खलास.

मला खरंच हायसं वाटलं. मी लोडाला टेकलो. आता हे दोघं उठणार, मोटारसायकल आणि बस धरणार, आणि मुलगी फासे पिशवीत भरणार, असं मला दिसतच होतं.

"मढं इथंच सोडी जावानं का?" पुतण्या म्हणाला.

"नाही," मामेबहीण म्हणाली. "पुरायला पाहिजे. त्याची आई रानातली आहे. आमच्याकडे पुरतात."

"आमनाकडे जाळतस. त्याना बाप आमनामधला शे ना!"

"बाप वारला ना लहानपणीच. वाढवलं आईने."

"ते काका खोटं बोलना! ताई, खोटं बोलना ना तो?"

"खोटंच," मुलगी म्हणाली.

"बरं, मग आईला विचारल्याशिवाय जाळणार कसे तुम्ही?" मामेबहीण आता सतरंजीच्या मधे सरकली होती. "आणि पाऊस चालू आहे. ओल्या लाकडावर जाळशील? धूर होईल नुसता, सगळे एल्फ गोळा होतील."

"मंग तू खड्डा खण. खडक शे तठे. खण ना, मी देखस."

"खणेन. तुझा योद्धा नुसता उभा राहील ना? घरी पण असाच उभा राहतोस का?"

पुतण्या लाजला आणि त्याने चिवड्याची ताटली तिच्याकडे सरकवली. भांडण मात्र सोडलं नाही. शेवटी मुलीने मलाच विचारलं, "पप्पा, तुमचा माणूस आहे. काय करायचं त्याचं?"

मी पाठीमागचा लोड सारखा करू लागलो.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "त्यांना काय विचारतेस? आमच्या दोघांचं तरी कुठे ठरवलंय त्यांनी अजून?"

चौघंही हसले. मी पाचवा, मीही हसलो, पण जरा उशिरा.

शेवटची बस चुकली. पुतण्या म्हणाला, उद्या सकाळी मी हिला स्टँडवर सोडसू. मढ्याचं काही ठरलं नव्हतं; ते तात्पुरतं एका गुहेत नेऊन ठेवलं होतं, दोघांनी मिळून, एकाने डोकं आणि एकीने पाय धरून. मामेबहीण म्हणाली, नाताळला मी घरी असते, तेव्हा नाही, पण त्याच्या आधीच्या रविवारी बसू.

"मी बी येसू," पुतण्या म्हणाला.

"मी पण नवीन माणूस तयार करतो," मी म्हणालो.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"काका," पुतण्या नरमाईने म्हणाला, "तू आराम कर. तू लई दमेल दिखी ऱ्हायना."