फौजदारांसाठी केलेलं भाषांतर

आणीबाणीच्या पहिल्या हिवाळ्यात मी सीताबर्डीजवळच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये पोरांच्या बँडचे कार्यक्रम लावत होतो. बँड म्हटलं की तेव्हा नागपुरात लोक लग्न कोणाचं आहे ते विचारत. हे बँड वेगळे आहेत, गिटार वाजवतात आणि गाणी स्वतः लिहितात, असं सांगितल्यावर विचारत, स्वतः काहून लिहितात, गाणी संपली काय? हा प्रश्न मला कधी मूर्खपणाचा वाटला नाही. पण शहरात दहा-बारा ठिकाणी दारं लावून काही पोरं काहीतरी नवीन वाजवत होती, आणि ते दाराबाहेर यावं असं मला वाटे.

ती पोरं शोधायची माझी रीत साधी होती. शहराच्या महाल भागात एका गल्लीत एक रेडिओ मेकॅनिक बसे. गिटारचे अॅम्प्लिफायर जळले, स्पीकर फाटले, की ते त्याच्याकडेच येत. मी शनिवारी त्याच्या दुकानात जाऊन बसायचो. तो हातातलं काम न थांबवता सांगायचा की अमुक पोरगा नुसता स्टाइल मारतो, त्याचा सेट अजून नवाकोरा आहे. तमक्यानं मात्र तीन महिन्यांत दोन स्पीकर फाडले, त्याला जाऊन ऐका. संगीताची इतकी भरवशाची समीक्षा मला पुढे कुठल्याही वर्तमानपत्रात मिळाली नाही.

त्यानंच मला खापरखेड्याला पाठवलं. पॉवर हाउसच्या वसाहतीतल्या एका क्वार्टरच्या मागच्या अंगणात चार पोरं वाजवत होती. ड्रम लग्नाच्या बँडवाल्याकडून आणलेले, झांजेच्या जागी पितळेची परात. लिहिणारा आणि गाणारा होता एक उंच, वाकून चालणारा पोरगा. नागपूरला सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होता. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे इंग्रजी साफ होतं, गाणीही इंग्रजीतच लिहायचा. त्याची दोन गाणी बेताची निघाली. तिसरं त्यानं जमिनीकडे बघत म्हटलं. पहाटे जीप आली, भावाला घेऊन गेली, कुठे नेलं ते कोणी सांगितलं नाही, आई अजून त्याचं ताट मांडते. एवढंच गाणं. कुठे आरडाओरडा नाही, कोणाला शिव्या नाहीत. ऐकताना माझ्या हातातला चहा गार झाला.

भाऊ खराच होता. महालातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. कोणाचं तरी पत्रक त्याच्या हातून जुळवलं गेलं, आणि जीप आली. आता घरात त्याचं नावही हळू घेत.

वडील पॉवर हाउसमध्ये फिटर होते. पाळी संपवून आले, डबा खाली ठेवला आणि दारातच बसले. रविवारच्या कार्यक्रमात हे गाणं घ्यायचं माझ्या मनात आहे असं मी त्यांना सांगितलं.

"प्रोफेसर साहेब," ते मग म्हणाले, "एक पोरगा गेला. ह्या गाण्यानं माह्या नोकरीले, क्वार्टरले काही होणार नाही ना? एवढं सांगा."

मी नाही म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. परतीच्या बसमध्ये मी बाहेर बघत बसलो, आणि मागे येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज जीपसारखा वाटू लागला.

कार्यक्रमाला ठाण्याची परवानगी लागे. पूर्वी एक अर्ज पुरत होता. आता चार दिवस आधी सगळी गाणी तीन प्रतींत द्यायची, इंग्रजी गाण्यांचं मराठी भाषांतर जोडायचं, आणि खाली 'भाषांतर मुळाबरहुकूम आहे' असं लिहून सही करायची. असा नियम कुठे लिहिलेला आहे हे मला कोणी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या काळात न विचारण्याची सवय लवकर लागली. मी वर्गात स्वातंत्र्यावरच्या कविता शिकवताना दार लोटून घ्यायचो, आणि वारा येतो म्हणून, असं स्वतःला सांगायचो.

बाकीच्या गाण्यांचं भाषांतर अर्ध्या तासात झालं. प्रेमभंग सगळ्या भाषांत सारखाच कंटाळवाणा असतो. खापरखेड्याच्या गाण्यापाशी मात्र मी दोन संध्याकाळी बसलो. गाणं वगळावं तर कार्यक्रमात ऐकण्यासारखं तेवढंच होतं. खरं भाषांतर द्यावं तर त्या फिटरला दिलेला शब्द होता. आणि त्याखालची सही माझी होती, हे आधी लिहायला हवं होतं. शेवटी मी एकच ओळ बदलली. पहाटेची जीप काढली आणि भावाला सीमेवर पाठवलं. बाकी सगळं तसंच राहिलं. कुठे आहे ते कोणी सांगितलं नाही, आई ताट मांडते. कार्बन घालून तीन प्रती काढल्या, चौथी माझ्यासाठी, सही केली. पोराला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, म्हणून.

फौजदारांनी कागद चाळले आणि शिक्का मारला. ते कोणाला दरडावणारे गृहस्थ नव्हते. मला चहा पाजला. म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटली.

रविवारी हॉल जवळजवळ भरला. फौजदार स्वतः आले आणि पहिल्या रांगेत बसले. शिपायानं त्यांच्यासाठी हातांची खुर्ची आणली. त्यांच्या मांडीवर माझ्या भाषांतराची प्रत होती. प्रत्येक गाण्याला ते कागदावर बोट ठेवून ओळीमागून ओळ सरकवत होते, आणि मी पडद्याआड उभा राहून त्या बोटाकडे बघत होतो. त्या सकाळी कोणी काय वाजवलं हे मला आठवत नाही. बोट तेवढं आठवतं.

खापरखेड्याचा पोरगा गाऊ लागला तेव्हा बोट पहिल्या ओळीवर थांबलं आणि पुढे सरकेना. मला वाटलं, संपलं. त्यांना इंग्रजी येतं. गाण्यात जीपसाठी जीपच शब्द होता, तो कोणालाही कळला असता. मागच्या दारापर्यंत किती पावलं आहेत ते मी मोजलं, हे लिहायला लाज वाटते, पण मोजलं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. फौजदार उठले आणि सरळ स्टेजवर चढले. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते.

"काय गा, कोन्या पलटनीत हाय तुहा भाऊ?"

पोरानं त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याआड माझ्याकडे. मी मान हलवली की नाही कोण जाणे. मला मान आहे हेच तेव्हा जाणवत नव्हतं.

"आमाले नाही सांगितलं साहेब कोणी," तो म्हणाला.

"बरोबर हाय. सांगत नसतात," फौजदार म्हणाले. गाण्यातली जीप त्यांनी फौजेचीच धरली असावी. मग माइकजवळ तोंड नेऊन त्यांनी सगळ्या हॉलला सांगितलं की त्यांचाही धाकटा भाऊ फौजेत आहे, सात महिन्यांत पत्र नाही, आणि घरी त्यांची आईसुद्धा हेच करते. पोराला म्हणाले की कामठीच्या छावणीत त्यांचे साडभाऊ कारकून आहेत, भावाचं नाव लिहून दे, मी तपास लावतो. कामठी तिथून तासाभराच्या वाटेवर होती. नाव लिहून दिलं असतं तर ते ज्या यादीत सापडलं असतं ती छावणीतली नव्हती. पोरगा म्हणाला, आईले विचारून सांगतो. फौजदारांना हे उत्तर फार आवडलं. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. पुढच्या आठवड्यात सव्वीस जानेवारी, पोलिसांच्या मैदानावर कार्यक्रम, मोठे साहेब येणार. हे गाणं तिथे व्हायलाच पाहिजे.

लोक गेल्यावर पोरगा गिटारची वायर गुंडाळत बसला होता. त्यानं हात पुढे केला. मी त्याला माझी प्रत दिली. त्यानं ती दोनदा वाचली.

"काहून बदलवलं सर?"

मी त्याच्या वडिलांचं सांगितलं, क्वार्टरचं सांगितलं. सगळं खरं होतं. त्यानं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"मले विचाराचं होतं. घरचा माणूस तर आमचाच गेला ना," तो म्हणाला. "आता हा कागद तुमचा हाय. तिथं मैदानात तुम्हीच म्हणा. मी त्याईच्या पुढं भावाले फौजी करून गात नाही. आन् खरं गाऊन बाबाची नोकरीही घालवत नाही."

बाकीच्या तिघांनी परात, ड्रम उचलले. पितळेची परात दारावर आदळून वाजली, आणि मी दचकलो.

त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही. बँड आला नाही तर फौजदार चौकशी करणार. ते चांगले गृहस्थ असल्यामुळे मनापासून करणार. आईला विचारून नाव सांगतो म्हणालेला पोरगा कुठे आहे ते बघायला आपुलकीनं खापरखेड्याला जाणार, जीपमधूनच. आणि त्या दारात पुन्हा जीप उभी राहणार. शेवटी मी ठाण्यात गेलो आणि सांगितलं की पोराचा घसा बसलाय, डॉक्टरनं महिनाभर गायला मना केलं आहे. नावाचं विचारलं तेव्हा म्हणालो, त्याची आई फार हळवी आहे, तपास लावला आणि वाईट बातमी आली तर? फौजदार म्हणाले, हे बाकी खरं. नको लावायला तपास.

मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात ते म्हणाले, "मग तुम्ही वाचा. मराठीच तर हाय."

मी वाचलं. मैदानावर मांडव होता, मोठ्या साहेबांसाठी सोफा होता, सोफ्यावर पांढरी खोळ होती आणि खोळीवर कोणी बसू नये म्हणून एक हवालदार उभा होता. तीन भाषणं झाली. प्रत्येकानं आपण दोनच शब्द बोलणार असल्याचं सांगितलं. मग माझं नाव पुकारलं गेलं. एरवी अशा समारंभांची घरी येऊन नक्कल करायची हा माझा आवडता उद्योग. त्या दिवशी मी टाचा जुळवून उभा राहिलो. समोर ओळीनं खाकी कपडे. यांच्यातलाच कोणी त्या पहाटे खापरखेड्याला गेला असेल, आणि आता पहिलीच ओळ ऐकून ओळखेल, असं सारखं वाटत होतं. कागद इतका थरथरत होता की माइकमध्ये त्याचा आवाज येत होता. लोकांना वाटलं, मास्तरांना गहिवरून आलं. टाळ्या खूप वेळ चालल्या. मोठ्या साहेबांनी नारळ दिला.

फिटरची नोकरी राहिली, क्वार्टरही राहिलं. निवडणुकीनंतर भाऊ घरी आला, हे मला महालातल्या मेकॅनिककडून कळलं. पोराचा अॅम्प्लिफायर त्याच्या दुकानात विकायला आला होता, असंही तो त्याच दमात म्हणाला. मी कधी खापरखेड्याला गेलो नाही.

पण ते पुढचं. मैदानावरून निघताना फौजदार माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. म्हणाले, ठाण्यात सगळ्यांचे कागद येतात, कव्वालीवाले, नाटकवाले, आता हे इंग्रजी पोरंही. आमच्या माणसांना समजत नाही, उगाच लोकांना हेलपाटे पडतात. तुम्ही एकदा नजर घालून देत जा, त्यांचंच काम लवकर होईल. मी हो म्हणालो. नाही म्हणण्याजोगं एखादं कारण त्या क्षणी सुचलं असतं तरी मी ते बोललो असतो असं वाटत नाही.

चार दिवसांनी सकाळी एक शिपाई सायकलवरून कागदांचा जुडगा घेऊन आला. बायकोनं त्याला चहा दिला. तो बाहेरच्या खोलीत बसला, साहेबांनी आत्ताच घेऊन ये म्हटलंय म्हणाला. वरचाच कागद एका बँडचा होता. रेल्वे कॉलनीतली पोरं, मेकॅनिकनं कधी उल्लेखही न केलेली. इंग्रजीत लिहिलेलं एक छोटं गाणं होतं, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी आणि तिची एके दिवशी रिकामी दिसलेली जागा. ती कुठे गेली ते गाण्यात नव्हतं. गाणं चांगलं होतं. पहिल्या वाचनातच कळलं की वर्षभरात असं दुसरं आलेलं नाही, या पोरांना गाठायला हवं.

शिपायानं बशीत चहा ओतल्याचा आवाज आला. मी विचार केला की ही जागा रिकामी कशानं झाली असं उद्या कोणी विचारलं तर? आणि प्राध्यापकांच्या नजरेतून हे सुटलं कसं, असं त्याच्याही पुढे जाऊन विचारलं तर?

मी त्या ओळीखाली रेघ मारली, समासात 'खुलासा घ्यावा' असं लिहिलं, आणि खाली सही केली.