टोकाच्या वड्या

नारायणगावची एसटी आता गावात शिरेलच असं नाही. आमची तर बाह्यवळणावरून सुसाट निघाली आणि कंडक्टरने मला फाट्यावर उतरवून दिलं. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या टेम्पोंची धूळ खात मी वारूळवाडीची वाट धरली. पूर्वी या वाटेवर माझी बायको, सुमन, पुढे असायची आणि मी धापा टाकत मागे. या खेपेला पुढे कुणीच नव्हतं.

दर वर्षी आम्ही लेण्याद्रीला म्हणून यायचो. खरी ओढ अक्कांच्या खानावळीतल्या मासवडीची (बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, लसणाचं तिखट सारण गुंडाळून कापलेली वडी, मासळीचा पत्ता नाही). भाचा त्या वडीला ‘आपली सुशी’ म्हणायचा. “मग जपानी लोक त्या सुशीबरोबर रस्सा का नाही देत?” सुमन त्याला गप्प करायची.

ती गेल्यापासून मी इकडे फिरकलो नव्हतो. अक्कांना निदान सांगायला तरी हवं, ही टोचणी मात्र जात नव्हती. तेवढ्यासाठीच आलो होतो.

खानावळीत बाकं रिकामी होती. बाह्यवळणाने गिऱ्हाईक पळवलेलं दिसत होतं.

“लई वर्सांनी आलात, भाऊ! बाई मागं ऱ्हायल्या व्हय?”

“एकटाच आलोय, अक्का. मासवडी मिळेल?”

“एकट्यापुरती म्या थापीत न्हाई, तुमाला ठाव हाय,” म्हणत त्या थापायला बसल्यासुद्धा. ओल्या फडक्यावर उकड पसरली, सारण भरलं, फडक्यानेच गुंडाळी वळली. “बाई बऱ्या हायेत नव्हं?”

“बरी आहे,” मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

रस्सा पूर्वीसारखाच जाळ होता. डोळ्यांना पाणी आलं ते त्याच्या नावावर खपलं.

निघताना अक्कांनी हातात पुडकं दिलं. “टोकाच्या वड्या हायेत. तिथं सारण कमी असतंय. बाईंना तिखट सोसत न्हाई ना! पुढच्या खेपंला दोघं या.”

मंचर मागे पडलं तरी पुडकं मांडीवर कोमट होतं. घरी आल्यावर मी ते सोडलं आणि ओट्यापाशी उभ्यानेच सगळ्या वड्या खाल्ल्या.

आता वारूळवाडीला पुन्हा जाणं व्हायचं नाही. तिथे सुमन बरी आहे.