बिनगळाची मरळ

माझा राग घालवायला म्हणून घरच्यांनी मला मासे धरायला बसवलं. आम्ही जैन आहोत.

तुम्हांला हसू येत असेल तर खुशाल हसा. मला नाही येत! माझ्या डोक्याची शीर अजून तडतडते! ज्या घरात फडक्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा घोट कुणी घेत नाही, डोळ्यांना न दिसणारा जीवसुद्धा चुकून पोटात जाऊ नये म्हणून जिथं एवढं जपतात, त्या घरातल्या एकुलत्या एक मुलाच्या हातात गळाची काठी देतात? आणि वर त्यालाच म्हणतात, "नेमू, शांत हो!"

राग मला येतो, हे मी नाकारत नाही. (नाकारून उपयोगही नाही. निपाणीत कुणीही सांगेल.) पण उगाच कधी आलाय का? वखारीत हमालानं तंबाखूचं पोतं वाकडं रचलं, तेव्हा आला. भर पेठेत एका बैलानं माझ्या पायावर पाय ठेवला, तेव्हा आला. मी त्या बैलाशी भांडलो असं लोक अजून सांगतात, पण सुरुवात बैलानं केली होती हे कुणी सांगत नाही! माझी पहिली सोयरीक मोडली तीही अशीच. मुलीचा मामा आमच्या ओसरीवर बसून बशीतला चहा फुर्रर्र करून ओढत होता. एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं, शेवटी उठून मी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. यात माझं काय चुकलं?

त्यानंतर माझ्या लग्नाचं नाव कुणी काढेना. मीही म्हटलं, उडत गेलं लग्न! पण पुढं स्तवनिधीच्या यात्रेत एक भानगड झाली. मी एका गाडीवानाशी कडाकडा भांडत होतो आणि मागून कुणीतरी खुदकन हसलं. वळून बघतो तर डाळिंबी लुगडं नेसलेली एक मुलगी. भांडण कशावरून चाललं होतं तेच मी विसरलो. असं माझं जन्मात कधी झालं नव्हतं! ती चिकोडीच्या तात्या पाटलांची पद्मा. मी घरी येऊन सांगितलं, करीन तर हीच.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चिकोडीला निरोप धाडला. पाटलांचा उलटा निरोप आला, "पोरगी व्हय म्हनती. पन पोरगा लई तापट हाय आसं कानावर हाय. दिवाळी झाली की मी सोता येऊन ऱ्हातो. एकदा जरी त्येचा आवाज चढला, तर माझी गाडी तितनंच माघारी फिरंल."

"ऐकलंस न्हवं?" आप्पा म्हणाले. "आता तोंडाला कुलूप घाल."

"घालतो की! मी कुठं वरडतोय?" मी ओरडलो. शेजारच्या घरातलं बाळ दचकून रडायला लागलं.

ते रडणं ऐकून शेजारचे सुभेदार आले. (बाळ त्यांचंच नातवंड.) सुभेदार बेळगावच्या पलटणीतून पेन्शनीत निघालेले, आणि येताना त्यांच्या गोऱ्या साहेबानं दिलेली चरखीवाली गळाची काठी घेऊन आलेले. त्या काठीला ते रोज तेल लावत. बायकोशी दोन शब्द बोलायला मात्र त्यांना वेळ नसे.

"आमचा सायेब ह्या तुमच्या नेमूपरास तापट," सुभेदार म्हणाले. "सकाळी शिव्या, दुपारी शिव्या. पर नदीवर गळ टाकून बसला की निस्ती गाय! मासा मान्साला थांबाया शिकवतो, आप्पा. पोराला माझ्याकडं द्या."

आप्पांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "सुभेदार! आमच्या उंबऱ्याच्या आत त्येचं नाव काढू नगा!"

इथं खरं तर विषय संपायला हवा होता. पण आमच्या घरात आक्का आहे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर दोन गल्ल्यांपलीकडं, त्यामुळे मुक्काम कायम आमच्याकडं. देवानं तिला डोकं दिलंय आणि ते ती फक्त माझ्यावर वापरते.

"आप्पा, गळ काढून टाकायचा," आक्का म्हणाली. "मागं ऱ्हातो निस्ता दोरा. दोऱ्याला कनकेचा गोळा. नाहीतरी आपन नदीवर गेलो की माशास्नी कनीक घालतोच की! त्यास्नी खायाला मिळतंय, ह्येचा राग जातोय, आनि वर पुण्य."

आप्पा पडले व्यापारी. एका मालात तीन फायदे दिसल्यावर ते कसले नाही म्हणतात!

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी यमगर्णीजवळ वेदगंगेच्या काठी मी काठी धरून बसलो. एकटाच बसलो असतो तर एक वेळ शांतही झालो असतो. पण पुण्य म्हटल्यावर घरी कोण राहतं? आव्वा, म्हणजे आमची आई, कणकेची परात घेऊन आली. आप्पा घोंगडं घेऊन आले. आक्का अक्कल घेऊन आली. आणि सुभेदार "आवाज करू नगा, मासं बुजत्यात!" असं एवढ्या जोरानं ओरडत होते की पलीकडच्या काठावरची म्हसरंही उठून गेली.

काठी फेकायची एक पद्धत असते म्हणे. मनगट झटकायचं, चरखी सोडायची, दोरा लांब जातो. माझा दोरा पहिल्यांदा गेला तो बाभळीत. दुसऱ्यांदा आव्वाच्या पदरात. पुढच्या खेपेला सुभेदारांच्या पटक्याला गोळा चिकटला आणि पटका पाण्यात! "जोर कशाला लावतोस, मर्दा? बैलाशी भांडतोयस व्हय?" सुभेदार म्हणाले. पुन्हा बैल! मी दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा फेकला. एकदाचा पडला पाण्यात.

आणि मग काय? मासा आला, गोळा खाल्ला, गेला. दुसरा लावला, खाल्ला, गेला. मी उन्हात घामाघूम, आणि हे आपले जेवून चालले! ना थांबणं, ना बघणं!

"फुकट खाऊन जातोय गं!" मी आक्काला म्हटलं.

"मग? दान केलंस न्हवं? आता काय त्येनं पाया पडावं व्हय तुझ्या?"

असे किती दिवस गेले कोण जाणे. माझा राग कमी व्हायचं राहिलं बाजूला, उलट घरादाराला माझी लागण झाली! आप्पांनी एक दिवस "आन हिकडं, तुला जमत न्हाय" म्हणून काठी घेतली ती परत देईनात. जे आप्पा वखारीत कधी ब्र काढत नसत, ते पाण्याकडं बोट दाखवून म्हणू लागले, "त्यो बघ, त्यो मिशावाला! मगाधरनं त्योच खातोय! दुसऱ्यास्नी खाऊ दी की रं, लबाडा!" आव्वा कणीक मळून मळून वैतागली. "मानसास्नी भाकरी घालू का तुमच्या माशास्नी?" म्हणून तिनं परात आपटली. शांत काय ते मासे होते. त्यांचं बरं चाललं होतं.

दिवाळी झाली आणि चिकोडीहून तात्या पाटील आले. आडवे-तिडवे, गलमिश्या, डोक्याला मोठा रुमाल. आले ते थेट माझ्या जागेवर बसले. मी गप्प. म्हणाले, "निपानीचा तंबाकू आता पैल्यासारका ऱ्हायला न्हाय. निस्ता पालापाचोळा." मी गप्प. आव्वानं चहा दिला. पाटलांनी तो बशीत ओतला, बशी तोंडाला लावली आणि फुर्रर्र! अशी की छपरावरची चिमणी उडाली. बशीवरून त्यांचे डोळे माझ्याकडंच बघत होते. बेटे मुद्दाम करत होते! मी पद्माचं हसणं आठवलं, मुठी आवळल्या आणि म्हणालो, "आनखी घ्या की थोडा." माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"पोरगा बरा हाय की," पाटील म्हणाले. "आसं ऐकलं की माशास्नी कनीक घालतोस? लई दयाळू काम. चल, सकाळी नदीवर जाऊ. मग म्होरलं बोलू."

म्हणजे आता एवढी एक सकाळ गप्प बसायचं, की पद्मा माझी! मी आनंदात झोपलो. आणि हीच वेळ आक्कानं साधली. गोळा पाण्यात लगेच विरघळतो, पाहुण्यांपुढं तो टिकला पाहिजे, असं हिच्या डोक्यात आलं. म्हणून हिनं तो एका मऊ, विरलेल्या फडक्याच्या चिंध्यांत गुंडाळून दोऱ्याला आवळून बांधला. फडकं कुठलं? तर पाणी गाळायचं जुनं! म्हणे सोवळं असतं!

सकाळी मी झोकात काठी फेकली. गोळा बरोबर डोहाच्या कडेला पडला. पाटलांनी हात जोडले. आप्पांनी डोळे मिटले. एवढ्यात पाणी फाटलं आणि काठी माझ्या हातातून निसटता निसटता राहिली.

"मरळ!" सुभेदार किंचाळले. "हातभर मरळ! ओढ! ढील दे! ओढ, मर्दा!"

"ओढू नगो!" आप्पा ओरडले. "मरंल ती!"

"गळ न्हाय तर लागली कशी?" आव्वा विचारत होती.

गळ नव्हता, पण मरळीच्या तोंडात बारीक, टोकदार दातांची रांग असते आणि त्या दातांत ते विरलेलं फडकं पिंजलेल्या कापसागत गुंतलं होतं. ज्या फडक्यानं आमच्या सात पिढ्यांनी जीव वाचवले, त्याच फडक्यानं मी मासा धरला, आणि तोही होणाऱ्या सासऱ्यासमोर!

"सोड की गं बये!" मी मरळीला म्हणालो. हळूच म्हणालो. पण ती कसली सोडते! ओढावी तर हिंसा, काठी सोडावी तर ती चिंध्या तोंडात घेऊन जाणार आणि उपाशी मरणार. म्हणजे पुन्हा हिंसा. मी तसाच धोतरानिशी पाण्यात उतरलो.

माझ्यामागं पाटील उतरले. "बिडो! बिडो!" असं कानडीत ओरडत, म्हणजे सोड, सोड! मी दोन्ही हातांनी मरळ पाण्यातच कवळली. दोरा ताणून धरल्याशिवाय तिचं डोकं स्थिर राहीना आणि तिसरा हात तर नाही, म्हणून दोरा मी दातांत धरला. मग बोटांनी तिच्या दातांतला एकेक धागा सोडवायला लागलो. तिनं कडकडून माझं बोट चावलं! ज्याच्या हातची कणीक खाल्ली त्याचंच बोट! माझ्या तोंडात त्या क्षणी ज्या शिव्या जमा झाल्या, त्या बाहेर पडल्या असत्या तर नदी आटली असती. पण तोंड उघडलं की दोरा सुटणार, दोरा सुटला की मासा जाणार. मी नुसताच नाकानं फुसफुसत होतो.

"शेपूट धर! शेपूट!" सुभेदार.

"गोंजार तिला!" आव्वा.

"माझं फडकं फाडू नगो!" आक्का. (हो! असं म्हणाली ती!)

पाटील मदतीला वाकले आणि मरळीनं शेपटीचा एक असा सणसणीत फटका दिला की पाटलांचा रुमाल डोहात आणि पाटील बुडावर पाण्यात. आणि मग ते पेटले. बाप रे! आप्पांना मंग्या म्हणाले, सुभेदारांना मंग्या म्हणाले, (कानडीत मंग्या म्हणजे माकड,) मरळीच्या आईबापांचा उद्धार केला, नदीला हाणायला हात उगारला! गलमिश्यांतून पाणी गळतंय आणि तोंडाचा पट्टा चालूच. आप्पाही चवताळले, "पाटील, पावना हाईसा म्हनून ऐकून घेतो!" काठावर आव्वा आणि आक्का एकमेकींवर ओरडायला लागल्या. त्या सगळ्या गलक्यात माझ्या बोटाखालचा शेवटचा धागा सुटला. मरळ सुळकन गेली. मागं वळूनही पाहिलं नाही तिनं.

मी उभा राहिलो. बोटातून रक्त, तोंडात दोरा. पाटील माझ्याकडं बघत राहिले.

"हितं समदी वराडली," ते म्हणाले. "सुभेदार वराडले, बाया वराडल्या, खोटं कशाला सांगू, मी सुदिक वराडलो. आनि ह्या पोरानं जीव वाचवला, बोट फोडून घेतलं, पन तोंडातनं शबुद न्हाय! आप्पा, मुहूर्त काडा. काय रं पोरा, कबूल हाय न्हवं?"

"हं," मी म्हणालो. दोरा अजून दातांतच होता.

लग्न झालं. पद्मा घरात आली. चार दिवस कसे गोडीत गेले. पाचव्या दिवशी माझ्याकडून ताकाचं भांडं लवंडलं, आणि आमच्या स्वयंपाकघरातून असा आवाज आला की मला वाटलं पाटीलच आले! ताकाच्या मागोमाग पळी आली, पळीमागं रवी. आप्पा वखारीत पळाले. आक्का तर चक्क सासरी राहायला गेली!

मी तडक चिकोडी गाठली. "तात्या, हे काय?"

तात्यांनी शांतपणे बशी तोंडाला लावली. फुर्रर्र! "पोरगी माझ्यावर गेलीया. म्हनून तर गप ऱ्हानारा जावई हुडकत हुतो की रं!"

घरी येऊन पद्माला विचारलं, "मग त्या दिवशी यात्रेत मला बघून हसलीस कशाला?"

"हसू न्हाय तर काय करू?" ती म्हणाली. "एवढ्या बारक्या आवाजात कुनी भांडतंय व्हय?"

त्याला आता किती वर्षं झाली! मी अजून रोज कणकेचे गोळे घेऊन नदीवर जातो. दोरा नाही, काठी नाही, नुसता बसतो आणि ऊन डोक्यावर आल्याशिवाय घरी येत नाही. लोक जाता-येता हात जोडतात. म्हणतात, नेमूअण्णांसारखा दयाळू माणूस नाही, रोज एवढे जीव वाचवतात! मी पुढचा गोळा पाण्यात टाकतो. वाचतो तो एकच जीव, आणि तो काठावर बसलेला असतो.